भिंतीआडचे ग्रंथ

एका राज्यात ग्रंथांना शिक्षा झाली होती. नीट ऐका, माणसांना नव्हे, ग्रंथांना! तिथे कमलजा नावाची राणी राज्य करी. राजा लढाईत पडलेला, पदरी एकुलती एक लेक, उत्पला. या उत्पलेने एकदा ग्रंथशाळेत राक्षसाची कथा ऐकली आणि भिऊन, रडून सारा महाल डोक्यावर घेतला. राणीचं माथं भडकलं. "खोटं लिहिलेलं एक पानही माझ्या राज्यात नको," ती म्हणाली.

झालं! खरे-खोटे ग्रंथ निवडायला पारखी नेमले गेले. ग्रंथ डोंगराएवढे आणि पारखी अंगचोर. त्यांनी सोपी रीत काढली. फक्त पहिली ओळ वाचायची. आरंभी साल, तिथी, मोजमाप असेल तर ग्रंथ खरा, त्याला राजवाड्यातलं शिसवी कपाट. 'एका राज्यात' असा आरंभ असेल तर ग्रंथ खोटा, त्याला डोंगरातली गुहा. दुसरं पान उलटायचे कष्ट कोण घेतो?

गुहा भरली तेव्हा म्हातारा ग्रंथपाल भद्रकेतू आत जाऊन बसला. मंत्रविद्या जाणणारा माणूस, पण ग्रंथांना सोडून बाहेर येईना. राणी समोरच उभी होती. "त्याच्यासकट भिंत घाला," ती म्हणाली. शेवटचा दगड बसताना आतून आवाज आला, "राणी, तू आम्हाला दगडाआड कोंडलंस. तुझी प्रजा दगडात कोंडली जाईल."

आणि तसंच घडलं. माणसं पायांपासून दगड होऊ लागली. कुंभार चाकाशी दगड झाला, नवरी बोहल्यावर दगड झाली. वैद्यांनी कपाटातले खरे ग्रंथ पालथे घातले, पण औषध सापडेना. मग एका सकाळी उत्पला अंथरुणातून उठेना.

"आई," ती म्हणाली, "माझे पाय कुठे गेले गं?"

राणीने पांघरूण दूर केलं. गुडघ्यापर्यंत काळा दगड होता.

ग्रंथशाळेच्या वळचणीला एक साळुंकी राहत असे. तिला बोलता येई, पण बोलण्याजोगं कोणी न उरल्याने ती गप्प होती. आता ती खिडकीत येऊन म्हणाली, "औषध भिंतीआड आहे. जिने कोंडलं तिलाच वाट मिळेल. एकटीने जायचं."

राणी निघाली. तिने भिंतीवर हात ठेवताच दगड बाजूला सरले. आत भद्रकेतू बसल्या जागी हाडांचा सापळा होऊन बसला होता. आवाज मात्र शाबूत होता.

"माझी लेक दगड होते आहे," राणी म्हणाली. "औषध द्या."

"तीन ग्रंथ दाखवीन. खरा की रचलेला, ते सांग. चुकलीस तर दर वेळी एक हात माझा, कायमचा."

"हात घ्या. लेक द्या."

पहिला ग्रंथ ढिगातून वर आला आणि तिच्यापुढे उघडला. 'एका राज्यात एक खलाशी होता', आणि पुढे म्हणे अंधारात समुद्र पेटतो, मासे पंख पसरून उडतात. राणी हसली. "रचलेला."

"खलाशाने डोळ्यांनी पाहून लिहिला आहे," भद्रकेतू म्हणाला. तिचा डावा हात दगड झाला.

दुसरा ग्रंथ तिच्याच शिसवी कपाटातून उडत आला. तिच्या सासऱ्याच्या लढाया, साल-तिथीसह, हत्ती-घोडे मोजून लिहिलेल्या. त्यावर तर राज्याभिषेकाची शपथ घेतली जाई. "खरा!" राणी ताठ मानेने म्हणाली.

"सासरा तुझा कधी लढाईला गेलाच नाही. भाटाने त्याला खूश करायला रचला." आणि उजवा हात दगड झाला.

तिसरा ग्रंथ उघडला. 'एका राज्यात एक वैद्य होता.' राणीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण या वेळी तिने ते गिळलं. "आधी सगळा वाचू दे," ती म्हणाली. पानं उलटायला हात नव्हते. तिच्या मागोमाग येऊन भिंतीवर बसलेली साळुंकी खाली उतरली आणि चोचीने एकेक पान उलटू लागली.

त्या ग्रंथातल्या गावात माणसं दगड होत होती. एका बोलक्या सापाने वैद्याला पाषाणभेदाची मुळी दाखवली. ती कढत दुधात उगाळून त्याने गावच्या गाव सोडवलं. सगळ्यांत शेवटी घरी गेला, तोवर त्याची स्वतःची लेक ओठांपर्यंत दगड झाली होती. दूध तिच्या हनुवटीवरून ओघळून गेलं. इथे राणी हुंदके देऊन रडू लागली. अश्रू पुसायलाही हात नव्हते बापडीला.

"खरा की रचलेला?" भद्रकेतूने विचारलं.

"मुळी खरी असेल. साप रचलेला असेल. पण त्या बापाचं दुःख कुठल्या कपाटात ठेवायचं, ते मला कळत नाही. मला घरी जाऊ द्या."

"जा," भद्रकेतू म्हणाला. "शाप फिटला. पण अंगात भिनलेला दगड मुळीनेच जाईल. धाव." हाडांची माती झाली आणि भिंत कोसळली.

ग्रंथात सांगितलेली मुळी डोंगरउतारावरच होती; ती राणीने दातांनी उपटली आणि तशीच तोंडात धरून धावली. वैद्यांनी ती कढत दुधात उगाळली आणि ज्यांना घोट गिळता आला ती माणसं सुटली. ज्यांचे ओठ दगड झाले होते ती आजही तशीच आहेत, कुंभार चाकाशी आणि नवरी बोहल्यावर. गुहेतले आणि कपाटातले ग्रंथ एकाच दालनात, एकाच फळीवर शेजारी शेजारी लागले. पारख्यांना प्रत्येक ग्रंथ शेवटच्या पानापर्यंत वाचायची शिक्षा झाली, ते अजून वाचताहेत.

आणि उत्पला? दगड गळ्याशी आला होता तेव्हा दुधाचा घोट तिच्या पोटात गेला. ती उठली, लटपटत धावत आली.

"आई, मला घे ना."

राणी हलली नाही. मुळीने तिचे हात सुटले नव्हते, ते तिने भद्रकेतूला शब्द देऊन दिलेले हात होते.

"रागावलीस का माझ्यावर?" पोरीचा चेहरा रडवेला झाला.

"नाही गं माझ्या बाई," राणी गुडघ्यांवर बसत म्हणाली, "तूच घे मला."

कहाणी इथे थांबली. ऐकणाऱ्यांनो, ज्यांचे हात शाबूत आहेत त्यांनी उठावं आणि आपलं लेकरू कडेवर घ्यावं.