दरबारात मोठ्यानं मागा!

मैनाला वाटलं होतं, आपण तांबडगडला परत येऊ तेव्हा शाळेतली पोरं टॅबवर तारे बघत असतील, समुद्राच्या तळाचे मासे बघत असतील. येऊन बघते तर शाळेत पोरं होती, टॅब नव्हते! टॅब होते राजवाड्याच्या शस्त्रागारात, भाल्यांच्या मागे, पोत्यात कोंबलेले.

दूरच्या शहरात शिकताना तिनं दारोदार फिरून ते मागून आणले होते आणि शाळेसाठी पुढे धाडले होते. तिचे वडील सुभाना राजवाड्याच्या देवडीवर पहाऱ्याला असायचे. त्यांनी तिला बाजूला घेऊन झाला प्रकार सांगितला.

"उद्घाटनाला महाराजांनी टॅबला बोट लावलं, आणि पडद्यावर आला एक टकलू! खाली लिहिलेलं, 'लाज वाटते? आजच तेल मागवा!'"

"मग काय झालं, आबा? जाहिरात ती!"

"अगं, हळू! महाराजांना फेट्याशिवाय कधी कुणी पाहिलंय का?"

मैना तडक दरबारात गेली. राजे रणधीरराव गरजले, "नको त्या वेबसाइट आमच्या राज्यात नकोत! उद्या सकाळपर्यंत साऱ्या बंद कर. एक जरी उरली, तर टॅब बारवेच्या पाण्यात! आणि कामाची एक जरी बंद झाली, तरीही टॅब बारवेत!"

"महाराज, नको त्या म्हणजे नेमक्या कोणत्या? इथं कुणी नावं सांगेल का?"

सेनापती छताकडे बघू लागले. राजवैद्य स्वतःचीच नाडी तपासू लागले. दिवाण भानुपंत तेवढे उत्साहानं उठले.

"मी सांगतो! ती पत्त्यांच्या जुगाराची! दुपारच्या डावात तर सरळसरळ फसवतात, दोनदा माझे—"

साऱ्या माना वळल्या.

"—माझे कानावर आलंय," असं पुटपुटून भानुपंत खाली बसले.

संध्याकाळपर्यंत मैना देवडीच्या पायरीवर टॅब घेऊन बसली. एक वेबसाइट बंद करावी तर तिच्या चार बहिणी हजर! ती रडकुंडीला आली. तेवढ्यात एक माणूस दाराशी घुटमळला.

"कोण? काय काम? मोठ्यानं बोल!" सुभाना ओरडले.

माणूस काहीतरी पुटपुटला आणि डोकं खाजवत आल्या वाटेनं निघून गेला. त्याच्यामागून कासारीण आली. "राणीसाहेबांना बांगड्या भरायच्यात!" असा खणखणीत आवाज तिनं दिला आणि सुभानांनी दार उघडलं.

मैना बघतच राहिली. "आबा, तुम्ही जगातले सगळे चोर ओळखता?"

"छे गं! मला अंधारात शेजारचा नाम्या ओळखू येत नाही!"

मैनानं टॅब बंद केला आणि पोटभर हसून घेतलं.

सकाळी दरबार बारवेच्या काठावरच भरला. टॅबचं पोतं तयार होतं, शाळेतली पोरंही जमली होती. राजानं विचारलं, "नको त्या साऱ्या बंद?"

"झाडून साऱ्या बंद, महाराज! हव्या, नकोत, सगळ्याच! शाळेच्या टॅबवर, दिवाणजींच्या फोनवर आणि आपल्या फोनवरसुद्धा."

"म्हणजे कामाच्याही बंद केल्यास!" भानुपंत टाळ्या पिटत उठले. "टाका बारवेत!"

"थांबा! ज्याला जी कामाची वाटते, त्यानं इथं उभं राहून तिचं नाव मोठ्यानं घ्यावं. या क्षणी उघडते. जिचं नाव चारचौघांत घेता येत नाही, ती राहील बंद. आता सांगा, कामाची कुठली अडली?"

शाळेतली पारू उभी राहिली. "मला चंद्राची पाहिजे!"

उघडली. वैद्यांनी जडीबुटीची मागितली, उघडली. सेनापतींनी घोड्यांची मागितली आणि जाता जाता बेसनाच्या लाडवांचीही मागितली.

"दिवाणजी, तुम्हाला?"

"मला काही नको!"

"दुपारच्या डावाची?"

"म्हटलं ना, नको म्हणून!"

राजा मात्र सिंहासनावर चुळबुळ करत होता. "पोरी, इकडे ये. कानात सांगतो."

"कानात नाही, महाराज. मोठ्यानं!"

राजानं मैनाकडे पाहिलं, पारूच्या हातातल्या चंद्राकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी फेटा उचलून मांडीवर ठेवला. डोकं घासलेल्या तांब्यासारखं लखलखलं!

"तेलाची! केस उगवायच्या तेलाची! उघड!"

"उघडली, महाराज. पण उद्घाटनाच्या टॅबवर ती आली कशी?"

"आदल्या दिवशी आम्हीच जरा... चाचणी घेतली होती."

कुणाला हसायचा धीर होईना. मग सेनापतींनी हळूच आपला फेटा काढला. तिथंही तांब्या!

"महाराज," ते आशेनं म्हणाले, "लागू पडतं का हो?"

राजाला असं हसू फुटलं की सिंहासन डगडगलं. डोळे पुसत तो म्हणाला, "हरलो, पोरी! पोतं शाळेत पोचवा! आणि आजपासून इंटरनेटची देवडी तुझी. या बाबतीत तुझा शब्द आमच्याही वर!" त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर पोरांची रांग लागली होती. वाड्यातून हुजऱ्या धावत आला आणि मैनाच्या कानाशी वाकला. "महाराजांना अजून एक उघडून हवीय. नाव मात्र तेवढं गुपचूप..."

मैनानं हातातल्या कड्याकडे पाहिलं, मग रांगेकडे.

"महाराजांना मुजरा सांगा," ती म्हणाली, "आणि सांगा, पारूच्या मागे जागा आहे."