रिकामा पाट

"दुकानातला तो काळा कॅमेरा ज्या घरात जातो ना, त्या घरातला एक माणूस..." पिठाच्या गिरणीत रांगेतली बाई एवढं बोलली आणि पट्टा फिरायला लागला. पुढचं सगळं घरघरीत गेलं. मागे उभ्या असलेल्या सुनंदानं ते वाक्य मनातच पुरं केलं: नाहीसा होतो. तिच्या नवऱ्यानं, भालचंद्रनं, आदल्याच दिवशी तो कॅमेरा घरी आणला होता.

दुकानात तसे दोन होते, दोन्ही खिशात मावणारे. दुकानदार एका बटणाचा चंदेरी दाखवत म्हणाला होता, "घरासाठी हा न्या. कुणालाही जमेल." कुणालाही जमेल ते भालचंद्रला कशाला हवं? त्यानं खुणांची गोल चकती असलेला काळा उचलला. घरी येऊन बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. सेटिंग बिघडतं."

फोटो झकास येत. पण छापून आणले की सुनंदाला बघवत नसत. दिवाळी पाडव्याच्या फोटोत ती तबक घेऊन ओवाळतेय आणि समोरचा पाट रिकामा. "तशीच थांब," म्हणून भालचंद्र मध्येच उठला होता. लेकीच्या, मनीच्या, पहिल्या वाढदिवसाला सगळे एकाच माणसाकडे बघून हसताहेत आणि तो माणूस कुठेच नाही. काढणारा फोटोत नसतो, हे तिलाही कळत होतं. तरी गिरणीतलं ते अर्धं वाक्य आठवे.

पुढे भालचंद्रला बोटीवर नोकरी लागली. दोन वर्षं बाहेर. निघायच्या दिवशी सुनंदा म्हणाली, "अहो, मनीला दाखवायला तुमचा एक फोटो द्या." सगळे फोटो पालथे घातले. एकही निघाला नाही.

त्यानं कॅमेरा सुनंदाच्या हातात दिला. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो काळाकुट्ट आला. मग आपल्या आईच्या हातात दिला. त्यात गळ्याखालचं धड दिसत होतं, चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा डाग.

"एवढं सोपं आहे गं आई."

"तुला सोपं. आम्हाला कधी शिवू दिलंस? उद्या पोरगी तुला विसरली, तर यंत्राला बोल लावू नकोस."

मनी त्या पांढऱ्या डागाकडे टक लावून बघत होती. भालचंद्रनं ते पाहिलं आणि तो काळा कॅमेरा घेऊन तडक दुकानात गेला. "वर पैसे घ्या, पण बदलून द्या," म्हणाला, "आईला जमेल असा."

आईनं चंदेरीचं बटण दाबलं. फोटो तिरका आला, कोपऱ्यात तिचं बोट आलं. पण मधोमध भालचंद्र होता, मनीला कडेवर घेऊन. तेवढा फोटो मागे ठेवून तो एसटीत बसला.

गिरणीतल्या बाईचं अर्धंच खरं निघालं. माणूस नाहीसा होत होता, पण घरातून नव्हे, घरच्यांच्या फोटोतून. काळा कॅमेरा परत दुकानाच्या काचेत जाऊन बसला. पुढच्या बाजारच्या दिवशी तो कुणीतरी नेलाही म्हणे.

तात्पर्य: घरासाठी घेतलेली वस्तू घरातल्या प्रत्येक हाताला चालावी; जो सगळं आपल्याच हातात ठेवतो, तो हळूहळू आपल्याच माणसांतून पुसला जातो.