लढाऊ माशाचा शेजारी

महाराजांना सयामहून दोन लढाऊ नर मासे नजराणा म्हणून आले. दिवाण तात्यासाहेबांनी भरदरबारात काचेचे एकच भांडे मागवले आणि मासे सांभाळणाऱ्या चंद्राबाईला फर्मावले, “दोघांना यातच ठेव. एक जरी मेला, तर तुझी चाकरी गेली!”

चंद्राबाईने हात जोडले. “सरकार, हा मासा तळाशी राहणाऱ्या गरीब माशांबरोबर नांदतो, पण दुसरा नर दिसला की त्याला फाडून काढतो.”

“महाराजांच्या राज्यात भांडण चालणार नाही. शिकव त्यांना!”

चंद्राबाईने महाराजांना मुजरा केला. “शिकवते, महाराज. फक्त महिनाभर तात्यासाहेबांच्या शेजारी दुसरा दिवाण बसवा. दोन दिवाण कसे गुण्यागोविंदाने नांदतात, ते बघून मासेही शिकतील.”

तात्यासाहेबांनी आपल्या आसनाचे हात घट्ट धरले.

महाराज खदखदून हसले. “दिवाणजी, दुसरे भांडे मागवा!”