आधी फुंकर

शहरातल्या प्राणिबागेतले पिंजरे मोडून तिथे रान उभं केलं, त्या काळची ही गोष्ट. भुरकोबा नावाचं म्हातारं अस्वल तिथे नातीसोबत राहायचं. झरा होता, झाडं होती, सिमेंटचं वारूळही होतं. त्याच्या भोकात राखणदार रोज मध ओतायचा. बघायला आलेली माणसं म्हणायची, "अगदी जंगलच की हो."

भुरकोबा वारुळाला तोंड लावण्याआधी जोरात फुंकर मारायचा. डोंगरात वारुळातली वाळवी खाताना आईने तसंच शिकवलं होतं.

"आजोबा, मध गरम आहे का?" नात चिंगी हसायची.

"आधी माती उडवायची, मग खायचं. आपली रीत आहे ती."

"इथे कुठे आहे माती?"

भुरकोबा पुन्हा एक फुंकर मारून मध चाटायला लागायचा. आपल्यामागे ही फुंकरही जाणार, हे मात्र त्याला डाचायचं.

एके दिवशी कुंपणाजवळच्या कुजक्या ओंडक्याखाली खरी वाळवी लागली. वास येताच चिंगी धावली आणि तिने मातीत थेट नाक खुपसलं. शिंकून शिंकून ती बेजार झाली.

भुरकोबा सावकाश आला. त्याने फुंकर मारली, माती उडाली, आणि एका दमात त्याने वाळवी ओढून घेतली. ती चव जिभेवर येताच त्याला आईचं धुळीने माखलेलं तोंड आठवलं. उरलेली वाळवी त्याने नातीसाठी सोडली.

"आता तू."

दुसऱ्या दिवशी राखणदाराने मध ओतला. चिंगी सिमेंटच्या वारुळापाशी गेली, थांबली, आणि तिने आधी फुंकर मारली. आपली पाळी येईपर्यंत भुरकोबा मागे उभा राहिला.