लेकझाडाचा रंग

फार पूर्वी गोदेच्या काठच्या धान्यकुंभ नगरात विजित राजाचं राज्य चाललेलं असताना बोधिसत्त्व एका कातारी कुळात जन्माला आला. कातारी म्हणजे चरकावर लाकूड फिरवून त्यातून करंडे, डब्या, खेळणी उतरवणारा कारागीर. बोधिसत्त्वाचं त्या जन्मीचं नाव पालित.

पालित सात वर्षं कातारी श्रेणीच्या, म्हणजे त्या कारागिरांच्या संघाच्या, शाळेत होता आणि आठव्या वर्षी निघून आला. सात वर्षांत ज्येष्ठांचे पाय कोणत्या क्रमाने धरायचे, एवढं त्याला पक्कं शिकवलं गेलं. लाकूड तो आपलं आपण शिकला. ढलपी दाताखाली धरायची, पाण्यात टाकायची, जाळून धुराचा वास घ्यायचा. लाकूड खोटं बोलत नाही, म्हणून त्याला लाकूड आवडे.

श्रेणीचा एक नियम होता. अनोळखी लाकूड आलं की सर्वांत थोरल्याने त्याचं नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. एकदा नाव पडलं की मग परीक्षेसाठी त्याला हत्यार लावायचं नाही. लावलं तर थोरल्याचा अपमान. त्या काळी थोरले होते वसुमित, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होऊन सहा वर्षं लोटली होती.

राजाची राणी मेखला ही डोंगरनायकाची मुलगी. विजिताच्या बापाने ते डोंगर जिंकले, तेव्हा मुलासाठी म्हणून त्या पोरीला उचलून आणलं. "मागे कुणी उरलेलं नाही, मागे बघू नकोस," असं तिला सांगण्यात आलं. येताना तिच्या मुठीत आईने दिलेला एक करंडा होता. वीस वर्षं तो तिच्या उशाशी राहिला. एका दिवाळीत पणती कलंडली, करंडा जळाला आणि झाकण तेवढं वाचलं. राणीने अन्न टाकलं, नुसत्या दूध-फळांवर राहू लागली. राजाने श्रेणीला दरबारात बोलावलं.

"या लाकडाचा नवा करंडा देवींना हवा आहे," राजा म्हणाला. "हे लाकूड कोणतं, ते सांगा."

झाकण हळदीसारखं पिवळं होतं आणि त्यात एक जांभळी लाट होती, सूर्य बुडाल्यावर पाण्यावर थोडा वेळ राहते तशी. वसुमितांनी ते हातात घेतलं, उलटंच धरलं आणि म्हणाले, "रक्तचंदन."

"रक्तचंदनच," दुसरे ज्येष्ठ म्हणाले.

"डोळे मिटूनसुद्धा ओळखावं," तिसरे म्हणाले. एकालाही हसू आलं नाही.

पालित दाराशी उभा होता. "आजोबा, रक्तचंदन पाण्यात बुडतं. हे तरंगेल."

"कुणाचा रे हा?"

"तुमच्याच अंगणात होतो सात वर्षं."

"हां, तो पळपुटा! आठव्या वर्षी अक्कल वाटणार होतो, बाबा. तू थांबलाच नाहीस."

ज्येष्ठ हसले. राणी हसली नाही. तिने पाण्याचं घंगाळ मागवलं आणि स्वतःच्या हाताने झाकण त्यात सोडलं. झाकण तरंगलं.

"मग हे कोणतं?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही," पालित म्हणाला. त्या दरबारात हे दोन शब्द फार वर्षांनी उच्चारले गेले होते. "ओरखडा काढावा लागेल, देवी."

राणीने क्षणभर झाकण छातीशी धरलं. मग आतली कड त्याच्यापुढे केली. पालितने नखाएवढी ढलपी काढली, चावली, उजेडात धरली. लाकूड साधं होतं, बेचव, कुठल्याही रानात सापडावं असं. मात्र जांभळी लाट जिथून सुरू होत होती, तिथे केसाएवढी काळी रेघ होती.

"हा रंग झाडाच्या जातीचा नाही, जखमेचा आहे. जिवंत झाडावर कुणीतरी एक घाव घातला आणि झाड तो भरत राहिलं. रेघेपासून वर्षांची वलयं मोजलीत तर नऊ भरतात. नवव्या वर्षी ते कापलं."

राणी म्हणाली, "मला आणलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते."

राजाने सांगितलं, फाल्गुनापर्यंत जो हे लाकूड आणील, त्याला श्रेणीतलं पहिलं आसन. ज्येष्ठ घाईने घरी गेले. पालित डोंगराकडे निघाला. ते आसन त्यालाही हवं होतं. त्याला ते मुळीच नको होतं असं जे सांगतात, ते त्याला उगाच थोर करू पाहतात.

सतरा दिवस चालल्यावर त्याला एक ओसाड गाव लागलं. जळक्या जोत्यांवर गवत वाढलं होतं. एकाच झोपडीतून धूर येत होता. झोपडीपुढे पांढरट सालीचं झाड होतं आणि त्याला टेकून एक म्हातारी बसली होती.

"पाणी पी आधी," ती म्हणाली. "मग काय लुटायचं ते लुट. तीन मडकी आहेत, त्यातलं एक गळकं."

पालित पाणी प्यायला आणि त्याने झाडाचं नाव विचारलं.

"लेकझाड. आमच्यात मुलगी झाली की आई याच्या फांदीवर एक घाव घालते. पोर वाढते तसा आत रंग चढतो. ती सासरी निघाली की तेवढी फांदी कापायची, करंडा करून द्यायचा. माझ्या भिंगरीचा करंडा लहानच झाला. नऊ वर्षांच्या रंगात किती होणार? सैनिक दारात होते, बापाने तसाच ओबडधोबड कातून दिला."

पालितने झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला. एका जागी साल जाड, वळीसारखी फुगली होती.

"हा घाव कधीचा?"

"तिला नेलं त्या दिवशीचा. ती परत आली की तिच्या हातून तोडायचं, असं म्हणून घातला. लोक गेले दुसऱ्या डोंगरावर. मी म्हटलं, पोर आली आणि घर रिकामं दिसलं तर?"

"आई, तुमची भिंगरी जिवंत आहे. राणी आहे. या लाकडासाठी तिने अन्न टाकलंय."

म्हातारी उठून आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली.

"ने," ती म्हणाली. "तिला हवंय ना? ने मग. उभा काय राहिलास?"

पालितने कुऱ्हाड घेतली. वीस वर्षांचा रंग त्या सालीआड होता. कुठल्याही कातारी डोळ्यांनी पाहिला नसेल असा. तो पाहायची त्याला इतकी ओढ लागली की त्याने कुऱ्हाड खांद्यापर्यंत उचलली. एक घाव घातला असता तर रंग दिसला असता, राणीला करंडा मिळाला असता, त्याला आसन मिळालं असतं. आणि नगरातलं कुणीही या वाटेने पुन्हा आलं नसतं.

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "हे नेलं, तर तिचं समाधान होईल, आई. आणि तुम्ही इथेच बसून राहाल."

फाल्गुनात दरबार भरला. वसुमितांनी रेशमात गुंडाळलेला करंडा पुढे केला, पिवळाधमक, जांभळ्या लाटेचा. राणीने ओल्या अंगठ्याने तो पुसला. अंगठा जांभळा झाला.

"नवीन आहे, देवी," वसुमित म्हणाले. "रंग बसायला वेळ लागतो."

राजा पालितकडे वळला. पालितचे हात रिकामे होते.

"लाकूड कुठे आहे?"

"उभं आहे, महाराज. त्याला टेकून देवींची आई बसली आहे. वीस वर्षं बसली आहे."

राणी राजाकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वडील म्हणाले, कुणी उरलं नाही," राजा म्हणाला. "मी पुन्हा कुणाला विचारलं नाही."

राणीने पायांतले तोडे उतरवले, कारण ते घालून डोंगर चढता येत नाही, आणि ती पालितला म्हणाली, "दादा, वाट दाखव." राजा सिंहासनावरून उठला, पण तिला अडवायचं धाडस त्याला झालं नाही. तिच्यासोबत माणसं आणि पाणी पाठवायचं त्याला सुचलं, एवढं त्याच्या पदरी घालू.

पहिलं आसन वसुमितांकडेच राहिलं. श्रेणीने ठराव केला की ते लाकूड रक्तचंदनच होतं. सतराव्या दिवशी एका ओसाड गावात एका म्हातारीने दोन्ही हातांनी एका बाईचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "किती उशीर केलास गं." झाड तोडलं की नाही, हे पालितने थांबून पाहिलं नाही. तो रंग पाहायची ओढ मात्र त्याच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, कारण त्या सकाळी एका बाईने आपल्या हरवलेल्या आईची गती, म्हणजे तिचं पुढे काय झालं ते, विचारली होती, आणि काही थेरांनी, ज्येष्ठ भिक्षूंनी, काही ठाऊक नसताना भराभर उत्तरं दिली होती. कथा संपवून शास्ता म्हणाले, "त्या वेळचे श्रेणीचे ज्येष्ठ म्हणजे आज सकाळी उत्तरं देणारे हे थेर. न विचारणारा राजा म्हणजे त्यांच्यामागे गप्प बसलेले तुम्ही सगळे. राणी मेखला म्हणजे ती बाई, अजून दाराशी उभी आहे. पालित तर मीच होतो. ठाऊक नाही तेव्हा तसं म्हणावं, आणि ठाऊक झालं की त्याचा सौदा करू नये. या पारमितेचं, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या या गुणाचं, नाव सत्य."

मग ते उठले आणि त्या बाईशी बोलायला दाराकडे गेले.