गढूळ सायडर

"...म्हणजे सिमांव इथंच राहणार?"

पास्कोलचा आवाज चढला होता. डोंगरावरच्या त्या छोट्या ख्रिस्ती मठाचे प्रमुख फादर इनास तळघरात काचेच्या बरणीपाशी बसले होते. बरणीत सायडर होती, बागेतल्या सफरचंदांचा सणासाठी आंबवलेला रस. चव छान उतरली होती. रंग मात्र पीठ कालवलेल्या पाण्यासारखा.

सायडर त्यांच्या शिष्याने, पास्कोलने केलेली. मठात त्याच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं, आणि हे तो कधी विसरत नसे. तलम कापडातून त्याने ती पुन्हा पुन्हा गाळली होती, थंडीत ठेवून पाहिली होती. धुकं हटत नव्हतं.

सिमांव तुरुंगातून सुटून मठात आला होता. भांडणात त्याने एकाचा हात कायमचा अधू केलेला. तो आल्यापासून आपलं प्रार्थनेत मन लागत नाही, त्याच्यासमोर घास उतरत नाही, असं पास्कोलचं गाऱ्हाणं होतं.

"तो राहील किंवा मी," पास्कोल म्हणाला. "आज काय ते सांगा."

फादरांनी शेजारचं वाडगं उचललं. त्यात भिजवलेली मुलतानी माती होती. तो सगळा चिखल त्यांनी बरणीत ओतला आणि ढवळू लागले.

पास्कोलने त्यांचं मनगट धरलं... आणि चटका बसावा तसं सोडलं. गुरूच्या अंगाला त्याने कधी हात लावला नव्हता.

"नासवलीत तुम्ही..."

"नितळली की ये."

त्यानंतर तो कुणाशी बोलला नाही. पेटी बांधून ठेवली. सिमांव दारावरून गेला की मान फिरवी.

एका सकाळी तो तळघरात गेला आणि थबकला. बरणीतून पलीकडची भिंत दिसत होती. माती तळाशी बसली होती, आणि धुकं तिच्यासोबत खाली गेलं होतं.

वरची सायडर त्याने अलगद पेल्यात काढली आणि फादरांकडे नेली.

फादरांनी पेला उजेडात धरला. "कापडाने का नाही झालं हे?"

"धुकं फार बारीक होतं. आरपार जायचं." तो अडखळला. "मातीने ते... धरलं."

फादर घोटभर प्यायले.

पास्कोलला बरणीच्या तळाची माती आठवली, आणि ज्याला पाहून तो मान फिरवी तो माणूस.

"आणि सिमांव?" पास्कोलने हळूच विचारलं.

"तो राहील." फादरांनी पेला त्याच्या हातात परत दिला. "तू राहायचं की नाही, ते त्याला विचार."