घरबसल्या पंचनामा

"वैद्यांनी साक्ष दिली नसती, तरी निकाल तोच लागला असता... नाही का हो, बुवा?"

खरवंडीकर हेडमास्तरांनी हे विचारलं, तेव्हा गिरीबुवा मठाच्या ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसले होते.

"कोण वैद्य?"

"आमच्या कादंबरीतले."

कादंबरी जुनी, शंभर वर्षांपूर्वीची. तीत एक विधुर वैद्य, चोरीचा आळ आलेल्या एका भटक्यासाठी कोर्टात एकटा उभा राहतो. भटक्याला सजा होतेच. गाव वैद्याला वाळीत टाकतं. तरी तो रोज दुकान उघडतो, न येणाऱ्या रोग्यांसाठी काढे उकळतो, आणि त्याची मुलगी ते बघत मोठी होते.

या बापावर हेडमास्तरांनी तालुक्यात चौदा व्याख्यानं दिली होती. साक्षीच्या प्रसंगाला त्यांचा कंठ दाटून यायचा. चौदाही वेळा, त्याच वाक्याला.

"आज एकदम निकालाची चौकशी?" बुवा म्हणाले.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"सोमवारी साक्ष आहे... माझी."

देवळातून चोरीला गेलेली समई गावाबाहेर उतरलेल्या भटक्या झुंबऱ्या काळेच्या पालात, त्याच्या कापडी झोपडीत, सापडली, असा पंचनामा होता. पंच म्हणून सही हेडमास्तरांची. ते पाल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. शिपाई कागद घेऊन घरी आला, फौजदारसाहेबांचा नमस्कार सांगितला, आणि गावातली प्रतिष्ठित माणसं करतात तशी त्यांनी झोपाळ्यावर बसूनच सही ठोकली. त्या सहीवर झुंबऱ्या चार महिने आत होता. समई आपण पाहिलीसुद्धा नाही, असं तो म्हणत होता. त्याचं कोण ऐकतो! त्याला कुठे सही येत होती?

बुवांनी एक काडी मोडली.

"वैद्य कोर्टात काय बोलतो, ते म्हणून दाखवा की."

हेडमास्तर उठले. उपरणं सारखं केलं. शंभर माणसांपुढे बोलावं तसे बोलले.

"...मी एकटा आहे म्हणून चुकत असेन, तर मला चुकलेलाच राहू द्या!"

कंठ दाटला.

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि हेडमास्तरांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

"अहो, हे काय! माझ्या पाया पडता?"

"तुमच्या कुठं? आत्ता इथं वैद्य उभे होते."

बुवा पुन्हा भाजीपाशी जाऊन बसले.

हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. "त्यांचं सोपं होतं, बुवा! माणूस धुतल्या तांदळासारखा. मला खरं बोलायचं, तर आधी भर कोर्टात स्वतःला खोटारडा म्हणावं लागेल. फौजदार सोडेल मला? नोकरीची दोन वर्षं उरलीत..."

"म्हणजे तुमचं काम वैद्यापेक्षा अवघड."

"थट्टा करता?"

"नाही."

ओट्याखाली एक कोंबडी उकरत होती.

"घरी कोण कोण आहे?" बुवांनी विचारलं.

"एकटी मुलगी. शरयू. कॉलेजात आहे... त्या दिवशी शिपायाला चहा तिनंच दिला. परवा जेवताना म्हणाली, बाबा, तुम्ही तर घरीच होता... बस, एवढंच. भात कालवत राहिली."

हेडमास्तरांचा कंठ दाटला. या वेळी ते वाक्य आलेलं नव्हतं.

"सोमवारी कोर्टात येऊन बसते म्हणतेय. मी बजावलंय, तू यायचं नाहीस."

बुवांनी निवडलेली भाजी परातीत सारली.

"सही करताना तिनं पाहिलंच आहे, मास्तर... आता खरं बोलताना कशाला तिला तोंड फिरवायला लावता?"